लाथेने मोजलेली हवा

तुमच्या गाडीच्या चार चाकांत आत्ता किती हवा आहे, सांगता येईल? अ‍ॅव्हरेज विचारत नाही, सीटकव्हर कुठून घेतलं तेही विचारत नाही. फक्त हवा. येत नसेल तर लाजू नका. आमच्या घरातही कुणाला सांगता येत नव्हतं, आणि त्या न मोजलेल्या हवेची शिक्षा वर्षभर माझ्या आईने भोगली.

गाडी आईची. तिच्याच पगारातून घेतलेली, जुनी, पांढरी. आम्ही कोल्हापुरात राहतो, आई इचलकरंजीच्या एका शाळेत शिकवते. दोन बस बदलून जायचा कंटाळा आला म्हणून तिने गाडी चालवायला शिकून घेतलं, लायसन्स काढलं, मग गाडी घेतली. एवढं सगळं रीतसर करूनही ती बसनेच जात होती. कारण गाडीची चावी काकांच्या खोलीतल्या खिळ्याला. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, आमच्या घरातले वाहनतज्ज्ञ. ‘हात बसला की चावी देतो’ असं त्यांनी जाहीर केलं होतं.

बाबा गाडी चालवत नाहीत. ते पत्रकं काढतात. मी पत्रकांवरच वाढले. जेवताना ताटाखाली पत्रक, डब्यात चपातीखाली पत्रक. मी आयुष्यात पहिल्यांदा वाचलेले शब्द ‘जाहीर निषेध’ हे होते. ‘स्त्रीला निर्णयाचा अधिकार’ या विषयावर बाबांचं एक फार जळजळीत पत्रक आहे. त्याचे गठ्ठे छापखान्यातून आमच्याच गाडीने आले. चालवत काका होते. आई त्या वेळी स्टँडवर बसची वाट बघत होती.

दर रविवारी सकाळी रिंगरोडवर आईची परीक्षा असे. निघण्याआधी काका गाडीभोवती एक फेरी मारत आणि पायातल्या कोल्हापुरी चपलेने प्रत्येक चाकाला एकेक लाथ घालत. आवाज ऐकून निकाल देत, “टणक हाय.” चारही चाकं कायम टणक. पंपावर कधी हवा भरलीच तर भरणाऱ्याला “टाक बघून” एवढंच सांगत. त्याने काय बघायचं, हे दोघांनाही माहीत नसे.

आई गाडी सुरू करायची आणि शंभरेक पावलांत गाडी गटाराकडे झुकायची.

“वहिनी, सरळ धरा की!”

“सरळच धरलंय भावजी. गाडीच डावीकडं ओढतीया. स्टेअरिंग बी जड लागतंय.”

“मी चालीवतो तवा कशी ओढत न्हाय? भाकरी थापायची न्हाय ही. हाताला जोर लागतोय!”

मागच्या सीटवर मी खिडकीवरचं हँडल धरून बसलेली. कॉलेजात समतेवर भाषणं ठोकणारी मी. तोंडातून काय निघायचं? “आई, दे की काकांना.” हे लिहिताना आजही कान तापतात, पण वगळलं तर हे लिखाणसुद्धा बाबांच्या पत्रकासारखं होईल.

काकांच्या हातात गाडी खरोखरच सरळ जायची. फक्त वर्षभर त्यांचा उजवा खांदा दुखत होता. ‘तालमीतला जुना मार’ असं ते अभिमानाने सांगत आणि घरभर तेलाचा वास दरवळत असे. गाडी वर्षभर डावीकडे ओढत होती आणि खांदा तिला उजवीकडे खेचून धरत होता, हे त्या खांद्यालाच माहीत. काकांपर्यंत बातमी पोचली नव्हती.

खंडेनवमीला गाडीला झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं चिरडली. पुढच्याच रविवारी आईने गटाराचा दगड घासला. मग काकांनी निर्णय दिला. गाडीला नजर लागली आहे, जोतिबाला नेऊन आणू. त्यानंतरही वहिनींना जमलं नाही तर गाडी विकायची, उगाच कुणाचा जीव जायला नको.

आईने बाबांकडे पाहिलं. निर्णयाच्या अधिकाराचे लेखक म्हणाले, “विचार करू.”

डोंगरावर गाडी काकांनी चढवली. दर्शन झालं. काकांनी बॉनेटवर मूठभर गुलाल उधळला आणि चारही चाकांना कपाळ टेकवायला वाकले. चाकाच्या इतकं जवळ त्यांचं तोंड पहिल्यांदाच गेलं असेल. तरी त्यांना काही दिसलं नाही.

उतरताना आई म्हणाली, “मीच आणणार.” प्रत्येक वळणाला ती दात आवळून स्टेअरिंग ओढत होती. काका शेजारी बसून पायाने नसलेला ब्रेक दाबत होते. पायथ्याला पंक्चरचं दुकान दिसलं तशी तिने कुणाला न विचारता गाडी बाजूला घेतली. दुकानातला म्हातारा बाहेर आला.

“पुढच्या चाकांची हवा मोजून द्या,” आई म्हणाली.

“हवा हाय!” काका दार उघडून उतरले. “सकाळीच बघितलीया.”

“कशानं बघितलासा, पावणं?”

काकांनी जागच्या जागी चाकाला लाथ घालून दाखवली.

म्हाताऱ्याने काकांच्या चपलेकडे पाहिलं. “घरात कुणाला ताप आला तर असाच बघतासा व्हय?”

मी हसले. आईही हसली. बाबा मागच्या सीटवरून उतरलेच नव्हते, त्यांना खोकला आला.

म्हाताऱ्याने हवा मोजायचा गेज लावला. उजव्या चाकात तेहतीस, डाव्यात अठरा. डाव्याच्या व्हॉल्व्हला त्याने थुंकी लावली तर बारीक बुडबुडा आला. “हितनं गळतंय. कवापासनं, द्येव जाणे. कमी हवेचं चाक गाडीला आपल्या अंगाला ओढतंय, स्टेअरिंगबी जड करतंय. बाईंनी हितवर आणली हेच लई झालं.”

व्हॉल्व्ह बदलून, हवा भरून झाल्यावर तो काकांशी नाही, आईशीच बोलला. “आता ओढ जाईल. पळताना स्टेअरिंग थरथरलं तर चाकांचं बॅलन्सिंग करा. सरळ रस्त्याला स्टेअरिंग वाकडं ऱ्हायलं तर चाकांची अलाइनमेंट. आन नुसता ब्रेक दाबल्यावरच ओढाय लागली, तर तसंच फिरू नका, ब्रेक दाखवा.”

कोल्हापूरच्या दिशेने सरळ, मोकळा रस्ता लागला. आईने दोन्ही तळवे स्टेअरिंगपासून बोटभर वर उचलले, क्षणभरच. गाडी दोरी आखल्यासारखी सरळ जात राहिली. तिने पुन्हा हात टेकवले.

काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, “रस्ता चांगला हाय हितनं.”

“व्हय भावजी. येताना बी ह्योच होता.”

मागून बाबांना स्फुरण चढलं. “यावर एक पत्रक काढलं पाहिजे.”

“पत्रक नको,” आई आरशातून म्हणाली. “खिळा काढा.”

त्याच दिवशी बाबांनी पक्कड घेऊन काकांच्या खोलीतला खिळा उपटला. त्यांच्या आयुष्यातली ती पहिली थेट कृती असावी. चावी आता आईच्या पर्समध्ये असते, पर्समध्ये गेजही असतो, आणि शाळेला ती गाडीने जाते. काकांचा खांदा आठवड्यात दुखायचा थांबला. जोतिबाने बरा केला, असं ते सांगतात.

तेव्हा तुम्हाला एवढंच मागणं आहे. उद्या सकाळी गाडी काढायच्या आधी, चाकं थंड असताना, चारही चाकांची हवा मोजा. किती हवी तो आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. आणि घरात जिच्या हाताला तुम्ही नावं ठेवली असतील, मोजायला तिलाच बोलवा. मोजून झालं की चावी तिच्या हातात द्या, आणि परत मागू नका.