विमानातला दुसरा

बिरवाडीत कंपन्यांतल्या कामगारांचे युनिफॉर्म शिवणारे एक काका आहेत. तोंडात टाचण्या धरून बोलतात, त्यामुळे शब्द मोजकेच. कात्री लावण्याआधी तीनदा माप घेतात. "कापलेलं जोडता येतं, मास्तर, पण शिवण दिसते."

त्यांचा थोरला भाऊ एकाहत्तरच्या लढाईत बाँबफेकी विमानावर होता, पायलटला वाट सांगायला. विमान परत आलंच नाही. दर सर्वपित्रीला काका दुकानामागे कावळ्यांसाठी दोन पानं वाढतात. एक भावाचं, एक पायलटचं. पायलटचं गोत्र सोडाच, गावही त्यांना ठाऊक नाही.

यंदा पंधरा ऑगस्टला आमच्या शाळेने त्यांचा सत्कार ठरवला. बॅनरसाठी त्यांनी भावाचा एकुलता एक फोटो दिला. विमानापुढे तो आणि पायलट, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. प्रमुख पाहुण्यांचे फोटो मावेनात, म्हणून मी फोटोतला पायलट कापून टाकायला लावला. भावाच्या खांद्यावर त्याची बोटं तेवढी उरली.

शाल-श्रीफळ घेऊन काका बॅनरपुढे थांबले.

"दुसरा कुठं हाय?"

"तो आपल्या तालुक्यातला नव्हता हो."

"पडताना तालुका बघून पडले काय ते?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी शाल माझ्या टेबलावर आणून ठेवली. तोंडात टाचणी नव्हती.

"ही त्या पायलटच्या घरी पोचवा. पत्ता मला नाय ठाऊक. कापलात तुम्ही, आता शोधा पण तुम्हीच."