ईशाताई लाइनच्या बाहेर

हरली. हो, तीन पॉइंट्सनी हरली! म्हणून माझी शिकागो ते ट्रॉय ट्रिप वाया गेली? जरा पूर्ण बोलू तरी द्या मला.

आणि रग्बी नाही यार, ऑस्ट्रेलियन फुटबॉल. लंबगोल बॉल, लंबगोल मैदान, बॉलला ठोसा मारून पास द्यायचा. माझी मावसबहीण ईशाताई ट्रॉयच्या टीमकडून सात वर्षं खेळली. गुडघ्याची दोन ऑपरेशन्स झाली. आता ती त्याच टीमची कोच आहे आणि शनिवारी तिची कोच म्हणून पहिलीच मॅच होती.

जाणार असाल तर पहाटे निघा. पाच तासांचा ड्राइव्ह आहे, टोल वेगळा, आणि मिशिगनचं घड्याळ एक तास पुढे असतं. निघायची वेळ ठरवताना मी नेमकं तेच विसरलो, पहिला क्वार्टर गेला. तिकीट नाही, स्टँडही नाही. दोन सॉकर ग्राउंड्स जोडून त्यावर पांढरी लाइन मारलेली. घडीची खुर्ची सोबत ठेवा.

मी पोचल्यापोचल्या मावशीनं शंकरपाळ्यांचा डबा पुढे केला. "ईशाच्या पायात खेळायचे बूट बघितलेस? डॉक्टर म्हणालेत, पुन्हा गुडघा गेला तर चालायचेच वांधे."

"कोच आहे ती, मावशी. बूट घालणारच."

"तू ओळखत नाहीस तिला."

शेवटच्या क्वार्टरला आमची एक मुलगी पाय मुरगळून बाहेर आली. टीममध्ये नऊच जणी, बदली कुणी नाही. उरलेल्या आठही जणी ताईकडे बघायला लागल्या.

"कोच, फाइव्ह मिनिट्स! प्लीज!" कॅप्टन ओरडली.

ताई वाकली, लेस घट्ट केली. मावशी खुर्चीतून उठली.

ताई सरळ समोरच्या टीमच्या कोचकडे चालत गेली. इथे प्लेयर कमी पडले की समोरच्यांकडून एखादी उसनी मागता येते. मागताना जीवावर येतं, ते वेगळं. त्यांनी एक उंच मुलगी दिली. ताईनं तिला आमची जर्सी घालून आमच्या गोलसमोर उभं केलं. त्या मुलीनं स्वतःच्याच टीमचे दोन गोल अडवले! तरी हरलो.

"आई, आय वॉज सो क्लोज," ताई घामाघूम होऊन म्हणाली. "एक पाय आत टाकला होता मी."

"दिसलं मला," मावशी म्हणाली. "लाइनच्या बाहेर किती छान उभी होतीस गं."

परत आल्यापासून सगळे मला स्कोअरच विचारताहेत. माझ्या डोक्यात मात्र ताई समोरच्या कोचकडे चालत गेली ती वीस-पंचवीस पावलं आहेत. सात वर्षं तिला पळताना बघितलंय मी, उड्या मारून बॉल पकडताना बघितलंय. एवढी भारी ती कधीच दिसली नव्हती.

आता तुम्ही म्हणणार, स्वतः उतरली असती तर जिंकली असती. म्हणत बसा. मी लॅपटॉप बंद करून चाललो.