पाणी नितळ येईपर्यंत

माझा दादा रंगारी. कापड रंगवायच्या आमच्या छोट्या कारखान्यात लाल रंगाचं पिंप त्याचं, निळ्याचं माझं. लालला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपत नसे. कापड रंगलं की तो ते पुन्हा पुन्हा खळबळत बसायचा. मी घाई केली की म्हणायचा, "पाणी नितळ येऊ दे रे. मग मीच सांगतो, आता सोड." गिऱ्हाईक दारात ताटकळत असलं तरी हा आपला ढिम्म.

कोपरापर्यंत लाल हात घेऊनच तो जगला. म्हणून संडासात लाल दिसलं, तेव्हा ते त्याला हातांचंच वाटलं. मला म्हणाला, "रंग आता पोटात उतरला बघ!" मीही खो खो हसलो. वर्षभराने जिना चढताना त्याला धाप लागायला लागली, तेव्हा कुठे वहिनीला हे रक्ताचं कळलं आणि तिने त्याला दवाखान्यात नेलं. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर मोठं आतडं काढून दाखवलं. आतल्या अस्तरावर आधी बारीकसा कोंब येतो. दुखत नाही, खुपत नाही. सगळेच कोंब बिघडत नाहीत, पण एखाद्यातल्या पेशी वेड्यावाकड्या वाढत जातात, दहाएक वर्षांत त्याचा कॅन्सर होतो आणि तो आतड्याची भिंत पोखरत बाहेर पडतो. दादाचा यकृतापर्यंत पोचला होता.

"कोंब असतानाच काढला असता तर?" मी विचारलं.

"तर बहुतेक तिथंच मिटलं असतं."

दहा वर्षं! तेवढी वर्षं आम्ही रोज शेजारी शेजारी उभे होतो.

दादा गेला. सख्ख्या भावाने दुर्बिणीची तपासणी करून घ्यायलाच हवी, असं बाईंनी बजावलं होतं. मी टंगळमंगळ करत राहिलो. शेवटी वहिनी कडाडली, "भावोजी, मागच्या वेळी तुम्ही दोघांनी हसण्यावारी नेलंत. आता मुकाट्याने चला."

आदल्या दिवशी नर्सने पोट साफ करायचं औषध हातात दिलं. "थोडं थोडं घेत राहा काका. पाणी नितळ येईपर्यंत."

मी तिथंच बाकावर बसलो. तिला वाटलं, काका घाबरले. मला फक्त दादा हवा होता.

दोन कोंब सापडले, तिथल्या तिथे काढले. पुढच्या आठवड्यात रिपोर्ट आला, कॅन्सर नव्हता. वहिनी रिपोर्ट छातीशी धरून रडली. मी कारखान्यात गेलो, त्याचं पिंप उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा लाल रंग कालवला. कापड रंगवलं, खळबळायला घेतलं. पाणी केव्हाच नितळ झालं होतं. पण "आता सोड" म्हणायला दादा नव्हता, आणि मला ते कापड सोडवेना.