आधी जेवू घाला, मग तपासतो

डॉ. बोरकुटे आज सकाळी गेले, आणि मला रडू येण्याआधी राग आला.

अशा माणसाला जायची इतकी कसली घाई?

ग्रुपवर गुलाबाची चित्रं टाकून मोकळे झालेल्यांनो, जरा थांबा. माणूस काय होता ते वाचा.

माझी नात सई तेव्हा वर्षाची होती. श्वास घेताना तिच्या गळ्यातून करवतीसारखा आवाज यायचा. झोपायची तीही मान मागे टाकून.

जो डॉक्टर भेटला त्याने एकच सांगितलं. बाळदमा. वाफ द्या.

आम्ही महिनोन्‌महिने वाफ दिली. शेजारणींनी दृष्ट काढली. फरक शून्य.

मी प्रश्न विचारले की उत्तर यायचं, "माताजी, आप टेन्शन बहुत लेती हैं."

रेल्वेच्या ऑफिसात आयुष्यभर साहेबांना टेन्शन दिलं मी. घेतलं नाही.

मग कुणीतरी बोरकुट्यांचं नाव सांगितलं. लहान मुलांच्या हृदयाचे सर्जन. संध्याकाळी इथे रायपुरात, समता कॉलनीतल्या क्लिनिकमध्ये बसायचे.

फोनवर म्हणाले, "पोट्टीले उपाशी आणा. आन् डब्यात पोळी आणा."

उपाशी! सून घाबरली. "मम्मीजी, भूखी ले जाएँगे तो पूरा क्लिनिक सिर पर उठा लेगी."

उचललंच. मी डॉक्टरांना सुनावलं, "हे तपासणं आहे की छळ?"

"आजी, तुमी काहून एवढ्या तापून राहिल्या? आधी जेवू घाला तिले. मग तपासतो."

सुनेने पोळीचा मऊ तुकडा भरवला. दुसऱ्या घासाला सईने मान मागे फेकली. तोंड उघडं, ओठ निळे, रडणं बंद.

डॉक्टरांनी झटकन तिला पालथं घेतलं, पाठीवर थापट्या मारल्या. घास बाहेर पडला.

"सगळे पोट भरून आणता. पोरगं शांत बसते. मग डॉक्टरले काय दिसन?"

सईच्या हातातलं चांदीचं कडं काढून त्यांनी माझी दोन बोटं त्यात कोंबली. बोटं दुखली.

"ही श्वासनळी, ही अन्ननळी. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीची एकच कमान पायजे. हिले दोन असतील, अशी मले शंका आहे. मधात दोन्ही नळ्या आवळून राहिल्या."

सीटी स्कॅनने तेच दाखवलं.

"लहान कमान कापाची, टोकं शिवाची. कडं उघडते."

"आणि सई?"

तेव्हा मात्र ते हसले नाहीत. "माही नात असती तं थांबलो नसतो."

ऑपरेशन नवा रायपूरला झालं. ते बाहेर आले, मास्क काढला आणि आधी माझ्याकडे बघून म्हणाले, "आता भांडा."

भांडलेच! घरी आणल्यावर बघते तर आवाज तसाच. मी थेट क्लिनिक गाठलं. "कापलंत तरी काय?"

"आजी, नळी जन्मापासून दबून होती. नरम पडली. सावकाश ताठ होईन. तवरी आवाज ऐकू नका. ताट पाहा."

मी ताट पाहू लागले. आधी वरणभात संपायला लागला. मग पोळी. आवाज कधी गेला ते कळलंच नाही. मी ताटच पाहत होते ना.

सई आता सातवीत आहे. आज बातमी सांगितली तर म्हणाली, "वो रोटी वाले डॉक्टर?"

मग जेवायला आली. पोळी, भाजी आणि वर इकडची बेसनाची तळलेली ठेठरी. इतकी कडक की माझ्या दातांनी हात जोडले असते. तिने कडाकडा चावली.

डॉक्टर, एवढ्या हक्काने भांडायला आता मी कुणाकडे जाऊ?

सुखाने जा. सईच्या आजीचा नमस्कार घ्या.

आणि जाता जाता ताट पाहा. रिकामं आहे.