मारकुटे सर

“हात पुढं. मागं घेतला की डबल.”

मैदानावरून हे वाक्य ऐकू आलं की मी वर्गात शिकवता शिकवता थांबायचे. पाठोपाठ छडीचा सपकन आवाज यायचा. मग दुसरा. मग पोरगं हात काखेत दाबून पळत वर्गात यायचं आणि आमचा तास पुढे सुरू व्हायचा. तुमच्याही शाळेत असे एक सर असतील. तेव्हा हा आवाज कसा असतो, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

राहुरी तालुक्यातल्या आमच्या शाळेत मी विज्ञान शिकवते, हे सर पीटी शिकवायचे. मूळचे नेवासा तालुक्यातले. जाडजूड मनगटं, गळ्यात शिट्टी, बारा महिने तोच निळा ट्रॅकसूट. मुलं मागून त्यांना ‘मारकुटे सर’ म्हणायची. गावात नव्याने राहायला आलेल्या एका पालकांना ते आडनावच वाटलं. स्टाफरूमच्या दारात उभं राहून त्यांनी विचारलं, “मारकुटे सर आहेत का?” आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. सर उठले आणि म्हणाले, “हाय की, मीच. बोला.”

एकदा आठवीतला एक मुलगा कंपाउंडच्या भिंतीवरून पडला. रिक्षा मिळेना. सरांनी त्याला पाठीवर घेतलं आणि पळत सरकारी दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, काही नाही, मुका मार आहे. तोवर सर देवाचं नाव घेत भिंतीला टेकून उभे होते. हे ऐकलं आणि तिथेच, खाटेवर, त्यांनी त्या मुलाच्या कानाखाली वाजवली. “भिंतीवर कशाला चढला हुता रं?” म्हणाले आणि डोळे पुसत बाहेर गेले.

मुलांना मारायचं नाही असा कायदा आहे, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. सरांनाही होतं. पण गावातले आईबापच मुलाला दंडाला धरून त्यांच्याकडे आणत. “सर, लई शेफारलंय. जरा बघा याच्याकडं.” सर बघायचे. त्यांनी मारलेली पोरं पुढे पोलीसभरतीत लागली, लष्करात गेली, यात्रेला गावी आली की त्यांच्या पाया पडायची. त्यामुळे आपलं बरोबर आहे याबद्दल सरांना कधी शंका आली नाही.

मग तो शनिवार आला. यातल्या मुलांची नावं मी बदलून सांगते. तसा नियमही आहे आणि मलाही तेच हवं आहे.

त्या दिवशी सकाळच्या कवायतीत नववीतल्या यशला सरांनी सगळ्यांसमोर छड्या दिल्या. केस वाढवले, उलट बोलला, असं काहीतरी होतं. रांगेत सातवीतला सार्थक उभा होता. लहान चणीचा, बडबड्या, माझा लाडका. यश हात झटकत तोंड वाकडं करत होता, ते पाहून तो फिसकन हसला. एवढंच.

शाळा सुटल्यावर यश आणि त्याच्या वर्गातल्या दोन दोस्तांनी सार्थकला शाळेमागच्या उसात ओढत नेलं. तासाभराने ऊसतोडीच्या बायकांना तो सरीत पालथा पडलेला दिसला. तोंडात माती, एका कानातून रक्त, उजव्या हाताची दोन बोटं मोडलेली. नगरच्या दवाखान्यात त्याला रविवारभर शुद्ध नव्हती. कुणी मारलं ते कुणालाच कळेना.

सोमवारी कळलं, कारण त्या मुलांनी मारतानाचा व्हिडिओ काढला होता आणि मित्रांना पाठवला होता. सकाळपर्यंत तो गावातल्या प्रत्येक मोबाईलवर फिरला. आम्हीही स्टाफरूममध्ये पाहिला. यशने कमरेचा पट्टा हाताला गुंडाळला होता, बक्कल मोकळं सोडलं होतं. सार्थक गुडघ्यांवर बसून रडत होता. आणि यश त्याला, अगदी सरांच्या ठसक्यात, म्हणत होता, “हात पुढं. मागं घेतला की डबल.”

सार्थकने हात मागं घेतला. मग पट्टा, मग बूट, मग कानावर बूट. व्हिडिओ काढणारा हसत होता.

सरांनी छडी उचलली आणि ते नववीच्या वर्गाकडे निघाले. मी त्यांच्या मागे धावले. त्यांनी यशला बाकावरून ओढून काढलं, भिंतीवर आपटलं, दोन थोबाडीत दिल्या. यशचा ओठ फुटला. तो रडला नाही. सरांनी छडी वर केली, तेव्हा कुणी न सांगता, सवयीने, त्याने हात पुढे केला.

छडी वरच राहिली. सर त्या पसरलेल्या पंजाकडे बघत होते. पंजावर शनिवारचे वळ अजून होते. मग ते सावकाश खाली बाकावर बसले, जिथे यश बसायचा तिथे.

तेवढ्यात फाटकाकडून गलका आला. ट्रॅक्टरमधून, मोटारसायकलींवरून माणसं आली होती. पुढे सार्थकचे चुलते. हातात काठ्या, ऊस तोडायचे कोयते, एकाच्या हातात लोखंडी पाईप. “पोरं ताब्यात द्या!” मुख्याध्यापकांनी पोलिसांना फोन लावला आणि ऑफिसला आतून कडी घातली. सरांनी तिघांना खेळाच्या सामानाच्या खोलीत कोंबलं, कुलूप लावलं, किल्ली माझ्याकडे फेकली आणि दारासमोर उभे राहिले.

“सर, तुमी बाजूला व्हा,” चुलते म्हणाले. “आमचं पोरगं मरायला टेकलंय.”

“म्हणूनच सांगतोय. आज यांना मारलं तर उद्या तुमी आत जाल. सार्थकच्या उशाशी मग कोण बसंल?”

“व्हा बाजूला!”

“न्हाई व्हत.”

पहिला फटका कुणाचा होता ते मला दिसलं नाही. सरांचं गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज मात्र मी ऐकला. ते खाली बसले, पुन्हा उठले, दाराला पाठ लावली. गुडघ्यावर पाईप बसला. ज्यांच्या पोरांना त्यांनी वळण लावलं होतं, त्यातलीच काही माणसं त्यांना लाथा घालत होती. मागच्या बाजूने कुणीतरी खिडकी फोडून दगड आत टाकले. आतून तिघं किंचाळत होते. एकजण आईला हाक मारत होता. पोलीस आले तेव्हा सर दाराला टेकून पडलेले होते आणि त्यांचे दोन दात त्यांच्याच मांडीवर होते.

कुलूप मी उघडलं. यशची पँट ओली झाली होती. बाहेर पन्नास मोबाईल वर धरलेले. सरांनी एका हाताने कसंबसं आपलं निळं जॅकेट काढलं आणि म्हणाले, “मॅडम, हे त्याच्या कमरंला बांधा. असा बाहेर नका नेऊ त्याला.”

आठवडाभरात सार्थक शुद्धीवर आला. हात गळ्यात बांधून सर त्याला भेटायला निघाले, मी सोबत गेले. सार्थकने आधी तोंड फिरवलं. मग भिंतीकडे बघतच म्हणाला, “सर, त्यांना वाचवायला तुमी आला. मला मारत हुते तवा मी तुमालाच हाका मारल्या. तुमी ग्राउंडवरच हुता ना?”

सर त्या वेळी मैदानावर फक्की मारत, चुन्याच्या रेघा आखत होते. उसातून हाक ऐकू आली नव्हती. पण ते त्यांनी सांगितलं नाही. “व्हय,” एवढंच म्हणाले. जिना उतरताना ते मध्येच थांबले. “बरोबर हाय त्याचं,” म्हणाले आणि कठड्याला धरून बराच वेळ तिथेच उभे राहिले.

नगरला बाल न्याय मंडळापुढे आम्हाला दोघांना बोलावलं, मला नववीची वर्गशिक्षिका म्हणून. निघण्याआधी मुख्याध्यापकांनी सरांना बाजूला घेतलं होतं. “व्हिडिओतलं ते वाक्य शाळेतलं नाही म्हणून सांगा. शाळेचं नाव जाईल. तुमची नोकरी जाईल.”

मंडळाच्या मॅडमनी यशला विचारलं, “असं मारायला कुठे शिकलास?”

यश खाली बघत म्हणाला, “सर असंच मारतात.”

मॅडमनी सरांकडे पाहिलं. सर उभे राहिले. गुडघा सरळ होईना, म्हणून खुर्चीच्या पाठीला धरलं.

“खरं बोलतोय तो. मी मारतो. वीस वर्षं मारत आलो. पण मॅडम, यानं जे केलं ते त्यानं केलंय. ते माझ्या नावावर टाकून त्याला सोडू नका. आन त्याचं सगळं त्याच्याच नावावर टाकून मलाबी सोडू नका.”

मुलांना काही महिने निरीक्षणगृहात ठेवलं, मग देखरेखीवर सोडलं. दर आठवड्याला समुपदेशन, ठरलेली हजेरी. गावाला हे फार थोडं वाटलं. “तिघांच्या हातात दाखला द्या, तोंड पाहायचं नाही,” असं पालकसभेत सगळे ओरडत होते. यशचे वडील तर घरातही घ्यायला तयार नव्हते. “माझ्यासाठी मेला तो,” ते म्हणायचे.

त्या सभेत सर कुबडी घेऊन आले. “दाखला दिला की ही पोरं जातील कुठं? टपरीवर. तिथं त्यांना माझ्यापेक्षा वाईट सर भेटतील.” मग सार्थकच्या वडिलांकडे वळून म्हणाले, “पण आधी सार्थकला इचारा. तो म्हनंल तसं.”

सार्थकला विचारलं. तो म्हणाला, “मला शाळा सोडायची न्हाई. मी काय केलंय? त्यांनी जावं.” यशची माफी त्याला नको होती. “तो दिसला तरी माझे हात मागं जातात,” म्हणाला. सरांनी माफीचा आग्रह कुणालाच धरू दिला नाही. शेवटी तिघांना दुसऱ्या गावच्या शाळेत घातलं, शिक्षण चालू ठेवून. सार्थक आमच्याकडे परत आला. एका कानाने त्याला ऐकू येत नाही. चांगला कान फळ्याकडे करून तो बसतो, आणि पूर्वीसारखा बडबडत नाही.

सगळं चांगलंच झालं असं मी सांगणार नाही. यश दहावी झाला, आता आयटीआयला आहे. दुसरा बापाबरोबर शेती करतो. तिसरा, तो व्हिडिओत हसणारा, पुढे यात्रेतल्या मारामारीत चाकूसकट सापडला. सर त्यालाही भेटायला गेले. त्याने भेटायला नकार दिला. सर पुढच्या महिन्यात पुन्हा गेले.

संस्थेने सरांना नोटीस दिली, एक वेतनवाढ रोखली आणि पारनेरकडच्या शाखेत बदली केली. मोडलेल्या हाडाबद्दल त्यांनी कुणावर तक्रार केली नाही. पोलिसांनी बळंच नावं विचारली तेव्हा म्हणाले, “धुरळा लई हुता.” सार्थकच्या चुलत्यांनी त्यांचं सामान आपल्या टेम्पोतून पारनेरला पोचवलं.

दोन वर्षांनी विज्ञान प्रदर्शनासाठी मी त्या शाळेत गेले. उघडं, खडकाळ मैदान, वारा सुटलेला. मधल्या सुट्टीत दोन मुलांची जुंपली. एकाचा ओठ फाटून रक्त गळत होतं, दुसऱ्याच्या हातात अर्धी वीट. सगळी शाळा गोल करून ओरडत होती. सर लंगडत गर्दीत शिरले, वीट हिसकावून लांब फेकली आणि त्या पोराला समोरून मिठी मारली. पोरगं पिसाळलेलं. सुटता येईना म्हणून ते सरांच्या छातीवर, खांद्यावर, त्या मोडून सांधलेल्या हाडावर गुद्दे घालायला लागलं. ओसरीतून एक शिक्षक ओरडले, “सर, दोन ठेवा ना त्याला!”

सरांनी ऐकल्याचं दाखवलं नाही. डोळे मिटून, दात आवळून उभे राहिले. गुद्दे हळू होत गेले. मग ते पोरगं त्यांच्या ट्रॅकसूटमध्ये तोंड खुपसून रडायला लागलं.

“झालं?” सर म्हणाले. “आता आधी हा बोलंल, ज्याला लागलंय तो. तू ऐकायचं. मग तुझं.”

त्यानंतर ते निवृत्त झाले. माझी त्यांची पुन्हा भेट झाली नाही. त्या दिवशी घंटा झाली, पोरं पांगली, मला आत बोलावलं. वळून पाहिलं तर सर दुखरा पाय लांब करून मैदानाच्या मधोमध धुळीत बसले होते. एका पोराच्या ओठावर त्यांनी आपला रुमाल दाबून धरला होता, दुसऱ्याला काखेत घेतलं होतं, आणि फाटक्या ओठाचं पोरगं काहीतरी सांगत होतं.