मुबशिरादीदीचा दुसरा इलेक्ट्रॉन

आमच्या गल्लीत अशी बोलवा आहे, की मुबशिरादीदी माडीवर बसून नवा टाकणखार शोधून काढायलीय. तो एकदा निघाला की हुपरीच्या पैंजणांचा सांधा जन्मात निखळणार नाही. ही बातमी धोंडुबाईंची. धोंडुबाईंची पिठाची गिरणी आहे, त्यामुळे पीठ आणि बातमी दोन्ही तिथं गरमच मिळतं. "टाकणखार करायलीया पोरगी, टाकणखार! बापाचं पांग फेडंल बघ!"

बातमी खोटी आहे, पण अगदीच हवेतून आलेली नाही. दीदीचे अब्बा, शमशुद्दीनचाचा, हुपरीला पैंजणाच्या कामावर जातात. चांदीचा सांधा जोडताना त्यावर टाकणखार लावतात, आणि टाकणखारात बोरॉन असतो. कुणीतरी विचारलं, लेक कशात पीएच.डी. करती? चाचा म्हणाले, "बोरॉनात. आमच्या टाकणखारात असतंय की त्ये." झालं!

खरं असं, की दीदीच्या खोलीत टाकणखार नाही, शेगडी नाही, काचेची एक नळीसुद्धा नाही. कॉम्प्युटर आहे. त्यात ती बोरॉनच्या थोड्याशा अणूंचा झुबका करते, त्याला दोन जादा इलेक्ट्रॉन देते आणि बघत बसते, दुसरा टिकतो का. दोघंही ऋण भाराचे, म्हणजे एकमेकांना ढकलणारच. झुबका मिठाच्या खड्यात किंवा पाण्यात असला तर आजूबाजूचे सावरून धरतात. दीदीचा झुबका वायूत, एकटा. शेजार नाही, पाजार नाही.

"पण बारा बोरॉनवाला झुबका टिकतो म्हणालीस की," मी एकदा शहाणपणा केला.

"त्येच्या अंगावर बारा हायड्रोजन हाईत, स्नेहल. माझा उघडा हाय. उघड्याचं बोल."

आता डोकं फिरवणारी गोष्ट. हिवाळ्यात उत्तर आलं: टिकतो. दुसरा इलेक्ट्रॉन काढायचा तर बाहेरून ऊर्जा घालावी लागते, म्हणजे तो घट्ट बसलाय. तिच्या सरांनी डिपार्टमेंटभर सांगितलं. एवढा चॅप्टर सरांना धाडला की प्रबंध पुरा, आणि प्रबंध पुरा झाला की कॉलेजातली नोकरी, जी जूनपर्यंतच तिच्यासाठी थांबणार होती. आणि ही बया काय करते? स्वतःचंच उत्तर मोडायला बसते!

मला सरांचा आवाज बरा जमतो. नाकातून, आणि आधी घसा खाकरून. एका दुपारी दाराआडून म्हटलं, "अंहं, मॅडम, चॅप्टर पोचला नाही अजून!"

दीदी ताडकन उठली, ओढणी सावरली. "सर, ते जरा परत तपासून..." मग मी दिसले आणि उशी आली.

"म्हणजे धाडलाच न्हाईस?"

"न्हाय."

"अगं, पण का?"

तेवढ्यात खालून आरडाओरडा. चाचांचे दोस्त हंबीरकाका शाहूवाडीहून आले होते आणि परत निघाले होते, पण चपला सापडत नव्हत्या.

"वहिनी, चपला द्या की! एस्टी जाईल!"

"जेवल्याबगर जाताय व्हय?" ही खैरुनचाची, दीदीची अम्मी. "मुकाट बसा!" चपला तांदळाच्या डब्यामागे गेल्या होत्या. आमच्याकडं पाहुण्याला असंच थांबवतात.

दीदीनं खाली बोट दाखवलं. "काका राहिलेत, का ठेवलेत?"

"ठेवलेत."

"माझं बी तसंच झालंय काय, एवढंच बघतो. इलेक्ट्रॉनला मी अणूंच्या जवळची तेवढीच जागा दिलती. लांब जायची वाटच हिशोबात न्हाय, तर त्यो जाईल कुठं? आता लांबवरची जागा देतो. तरी बसला, तर खरा बसला."

"आणि गेला तर?"

"चॅप्टर गेला." आमटीत मीठ कमी आहे म्हणावं, तशी म्हणाली.

मला इतका वैताग आला की मी पैज लावली. इलेक्ट्रॉन बसणार! मी जिंकले तर चॅप्टर त्याच दिवशी धाडायचा, पुन्हा उकरायचं नाही. ती जिंकली तर मी धोंडुबाईंना जाऊन खरं काय ते समजावायचं, तेही माझ्या स्वतःच्या आवाजात. नक्कल नाही. यापेक्षा मोठी शिक्षा मला नाही, हे तिला पक्कं माहीत.

कॉम्प्युटर घुरघुरत राहिला. मध्येच लाइट गेली, इन्व्हर्टर बसला, सगळं पहिल्यापासून. चाची जेवायला वाढता वाढता ओरडायच्या, "सर म्हनत्यात बरोबर हाय, तुला कसला किडा चावलाय गं?" एकदा अनोळखी नंबरवरून फोन आला. "अंहं, मॅडम, सगळं जग एवढं तपासून थांबतं."

"गप ए माकडे!" दीदी ओरडली.

मी तिच्या शेजारीच पेरू खात बसले होते. फोनवर खरेच सर होते. पेरू माझ्या नाकात गेला.

शेवटी एका रविवारी सकाळी माडीवरून आवाज आला, "गेला! गेला!" चाची लाटणं घेऊन धावल्या, "कोण गेलं गं बाई?"

दुसरा इलेक्ट्रॉन गेला होता. काढायला ऊर्जा लागणं लांबच, तो आपण होऊन निसटत होता. दीदी आधी हसली. मग पलंगाच्या कडेवर बसली आणि बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग तिनंच सरांना फोन लावला. "टिकत न्हाय, सर. तसंच लिहितो. जूनपर्यंत न्हाय व्हायचं."

"अगं, नोकरी!" मी किंचाळले. "कुणी बघाय आलं असतं का?"

"मी बघितलं की." तिनं डोळे पुसले. "जा आता. गिरणी उघडी असंल."

गेले. माझ्या आवाजात सगळं सांगितलं: झुबका, दोन इलेक्ट्रॉन, चपला. धोंडुबाईंनी गिरणी बंद करून ऐकलं.

"म्हंजे येवढा खटाटोप करून उत्तर काय, तर न्हाय?"

"व्हय."

"आनि नोकरी सोडून त्येच लिवनार?"

"त्येच."

बाई पीठ झटकत उंबऱ्याकडं जाऊन आल्या. मी उठले, तर उंबऱ्यात माझ्या चपला नव्हत्या.

"च्या पिऊन जा," धोंडुबाई म्हणाल्या. "आनि परत सांग. पयल्यापास्नं."