बावीस जणांसह अज्ञातवास

ज्ञानासाठी माणसाने आपली भूमी सोडावी, जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही अशा परक्या देशी जावं आणि तिथे नवा जन्म घ्यावा, असं थोर लोक पूर्वापार सांगत आले आहेत. बारावी झाल्यावर मीही भूमी सोडली. आंबेगाव तालुका सोडून जुन्नर तालुक्यात गेलो. मंचरला दुसरी गाडी लगेच मिळाली तर सव्वा तास लागतो.

ज्ञानाचा यात फारसा संबंध नव्हता. जवळच्या कॉलेजात जो अभ्यासक्रम होता तोच नारायणगावच्या बाजूच्या कॉलेजात होता. विद्यापीठ एकच, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात वाचायची गाइडंही तीच. फरक एवढाच होता की जवळच्या कॉलेजात माझा सगळा वर्ग जाणार होता, आणि माझा सगळा वर्ग मला व्यासपीठ म्हणायचा.

हे नाव मला आठवीत मिळालं. स्वातंत्र्यदिनाला शाळेच्या मैदानात ट्रॅक्टरची ट्रॉली उभी करून तिच्यावर सतरंजी टाकली होती आणि त्या ट्रॉलीवरून मला भाषण करायचं होतं. भाषण मराठीच्या सरांनी लिहून दिलं होतं. सोबत एक सूचनाही दिली होती, की मध्ये अडलास तर घाबरू नकोस, पुन्हा पहिल्यापासून सुरू कर. मी आज्ञाधारक होतो. ‘सन्माननीय व्यासपीठ’ म्हणालो आणि अडलो. घाबरलो नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी प्रमुख पाहुण्यांनी उठून, छातीवर हात ठेवून नमस्कार स्वीकारला. मग मी सलाम ठोकून खाली उतरलो. टाळ्या खूप पडल्या. त्या दिवशीचं ते सगळ्यात छोटं भाषण होतं.

त्यानंतर पाच वर्षं माझं खरं नाव फक्त हजेरीपटात राहिलं. एसटीचे कंडक्टर मला व्यासपीठ म्हणत, वडापाववाला म्हणे, तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले सरसुद्धा एकदा म्हणाले. वडील पालकसभेला आले तेव्हा शिपायाने त्यांना “व्यासपीठाचे वडील ना? या, पुढं बसा,” असं म्हणून पुढच्या खुर्चीत बसवलं. आणि ते बसले.

म्हणून मी ठरवलं, की ज्या कॉलेजात आपल्या शाळेचं एक चिटपाखरूही नसेल तिथे जायचं. नारायणगावच्या कॉलेजची माहिती गुपचूप काढली. घरीसुद्धा “बघू” एवढंच म्हणत राहिलो. कुणी विचारलं की हसायचं आणि विषय बदलायचा. इथेच माझं पहिलं चुकलं. आमच्याकडे माणूस गप्प आहे म्हणजे त्याला काहीतरी फायद्याचं सापडलंय असा सरळ अर्थ होतो. एका शेतकऱ्याने कुठलं बियाणं आणलं ते सांगितलं नाही, तर पुढच्या हंगामात अख्खी वाडी तेच बियाणं लावते.

फॉर्म आणायला निघालो त्या सकाळी घोडेगावच्या स्टँडवर माझ्या बाकावरचा मित्र भेटला. त्याच्या वडिलांचं मोटर वायंडिंगचं दुकान स्टँडसमोरच होतं, त्यामुळे कोण कुठल्या गाडीत बसतं हे त्याला पाहावंच लागायचं.

“व्यासपीठ! कुठं?”

“काम आहे.”

“कामच असंल, राव. हिंडायला मंचरची, नारायणगावच्या फाट्याची गाडी कोण धरतंय? कसलं काम?”

“असंच.”

त्याने माझ्या काखेतली प्लॅस्टिकची फाइल पाहिली.

“मार्कशिट हाय ह्यात. कॉलेज! आन् मला बोलला न्हाई व्हय रं? लई चांगलं दिसतंय कॉलेज. माझापण एक फॉर्म आण.”

आता इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. एसटीत कुणी एकट्याचं काम घेऊन बसत नाही. मंचरला, नारायणगावला, जुन्नरला कुणी निघालं की त्याच्याकडे शेजाऱ्यांची औषधं, पंपाचे सुटे भाग, चपलांची मापं, चष्म्याचे नंबर दिले जातात, आणि ‘नाही’ म्हणायची सोय नसते. आमच्या गावचे एक काका दाढ काढायला नारायणगावला गेले होते. येताना तिघांच्या मोटरींचे वॉशर आणि एका लग्नाच्या पत्रिका घेऊन आले. दाढ तशीच होती. वेळ मिळाला नाही म्हणाले.

गाडी सुटायच्या आत मित्राने वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं: व्यासपीठ नारायणगावला फॉर्म आणायला चाललाय, कुणाला पाहिजे? मंचरला गाडी बदलेपर्यंत फोन नुसता थरथरत होता. ‘मला एक.’ ‘मला पण.’ ‘दोन, चुलत भावाला एक.’ एकाने कुठलं कॉलेज आहे असं विचारलं, त्यावर दुसऱ्याने उत्तर दिलं: ‘व्यासपीठ चाललाय म्हणजे बघूनच चालला असंल.’

कॉलेजच्या खिडकीवर मी तेवीस फॉर्म मागितले. बावीस त्यांचे आणि एक माझा. ज्यांच्यापासून पळत होतो त्या सगळ्यांना मी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या फाइलीतून, तालुक्याच्या सीमेपलीकडे नेणार होतो.

फॉर्म वाटले. चार दिवसांनी ते भरून माझ्याकडेच परत आले, कारण ‘तू जाणारच हायेस.’ एकवीस आले. बाविसावा आमच्या वर्गातल्या आहुप्याच्या मुलीचा होता. ती शाळा असताना घोडेगावच्या वसतिगृहात राहायची आणि परीक्षा संपल्यावर वर डोंगरात घरी गेली होती; तिच्यासाठी मैत्रिणीने मागवलेला फॉर्म एसटीनेच वर गेला होता. शेवटच्या तारखेला सकाळी आहुप्याची गाडी आली, ड्रायव्हरने सीटखालून तांदळाची एक पिशवी काढली आणि माझ्या हातात दिली.

“पोरीनं दिलीया. नीट ने. वरीजिनल हायेत म्हणं.”

पिशवीत भरलेला फॉर्म, मूळ मार्कशीट, दाखला, फोटो आणि एक चिठ्ठी होती. ‘व्यासपीठ, इथे रेंज नाही. कॉलेजजवळ वारूळवाडीला मावशीकडे राहायची सोय झाली आहे. दुसऱ्या कुठल्या कॉलेजला घरचे पाठवणार नाहीत. फॉर्म पोचला की ड्रायव्हरकाकांजवळ सांग.’

मंचरच्या स्टँडवर मी तो गठ्ठा मांडीवर घेऊन बसलो होतो. बाकाच्या शेजारी कचऱ्याचा डबा होता. खोटं कशाला सांगू, मी त्या डब्याकडे बराच वेळ पाहिलं. आपला एकट्याचा फॉर्म भरायचा आणि गठ्ठा गाडीत राहिला म्हणून सांगायचं. आमच्या भागात गाडीत वस्तू राहतात, त्यावर कुणी चौकशी लावत नाही. पण मग ती तांदळाची पिशवी होती. बरं, फक्त पिशवी द्यावी आणि एकवीस जण डब्यात टाकावेत, असंही मनात येऊन गेलं. त्यावर हिशेब असा निघाला, की टोपणनाव बावीस जणांना माहीत असेल तर ते कॉलेजभर व्हायला सकाळची मधली सुट्टी लागते. एकीलाच माहीत असेल तर दुपारची लागते. एवढ्या फरकासाठी एकवीस जणांचं वर्ष घालवणं मला जमलं नाही. गाडी आली, मी गठ्ठ्यासकट चढलो.

खिडकीवरच्या क्लार्कने गठ्ठा पाहिला आणि तो उठून आत गेला. बाहेर आले ते स्वतः प्राचार्य. त्यांनी मला आत नेलं आणि चहा पाजला. त्या वर्षी पहिल्या वर्षाची सायन्सची एक तुकडी विद्यार्थ्यांअभावी बंद होणार होती. माझ्या गठ्ठ्याने ती वाचली होती.

“अशी दूरदृष्टी हल्लीच्या मुलांत राहिली नाही,” प्राचार्य म्हणाले. “स्वागत समारंभात नव्या विद्यार्थ्यांच्या वतीने तुम्हीच बोलायचं.”

मी म्हणालो, मला भाषण येत नाही.

“विनयसुद्धा आहे,” ते क्लार्ककडे बघून म्हणाले.

परत आल्यावर आधी ड्रायव्हरला सांगितलं, पोचला म्हणून. मग स्टँडमागच्या चहाच्या टपरीवर वर्गाला जमवलं आणि पहिल्यांदाच मनातलं बोललो. नव्या कॉलेजात कुणी मला त्या नावाने हाक मारायची नाही. खऱ्या नावाने मारायची. सगळे एकदम गंभीर झाले.

“अरे, एवढंच व्हय?” बाकावरचा मित्र म्हणाला. “आधी बोलायचं ना, राव. शप्पथ, कोण न्हाई म्हणणार.” मग चहाचा पेला खाली ठेवून त्याने विचारलं, “पण तुझं नाव काय रं?”

तो पाच वर्षं माझ्या बाकावर बसला होता. मी नाव सांगितलं. दोघातिघांनी फोनमध्ये लिहून घेतलं.

हे सांगायलाच हवं, की त्या बावीस जणांनी शब्द पाळला. कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात ते मला इतक्या प्रामाणिकपणे खऱ्या नावाने हाक मारत, की मला दोन-तीनदा हाक मारावी लागे. ती मलाच आहे हे चटकन लक्षात येत नसे. आहुप्याची मुलगी तर नावापुढे ‘जी’ लावायची. सगळं जमलं होतं. आता फक्त भाषण राहिलं होतं.

ते मी पंधरा दिवस पाठ केलं. घरामागच्या बांधावर उभा राहून ज्वारीला ऐकवलं. सुरुवात बदलायचाही विचार केला, पण प्राचार्यांनी मसुदा तपासायला मागवला आणि अगदी वर लाल शाईने लिहिलं: ‘प्रथम सन्माननीय व्यासपीठ असा उल्लेख करावा.’ मी म्हटलं ठीक आहे, एकदाच म्हणायचं आहे. चार वेळा म्हटलं तरच ते नाव होतं.

समारंभ कॉलेजच्या हॉलमध्ये होता. पुढच्या रांगेत संस्थेचे पदाधिकारी, मागे चारशेएक मुलं, त्यांतले बहुतेक नारायणगाव-जुन्नर बाजूचे आणि माझ्याबद्दल काहीही माहीत नसलेले. अशी गर्दी मी पाच वर्षं शोधत होतो. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, सत्कार झाले. शाल, श्रीफळ आणि गुलाबपुष्प पाहुण्यांकडून यजमानांकडे आणि यजमानांकडून पाहुण्यांकडे बराच वेळ जात-येत राहिलं. शेवटी माझं नाव पुकारलं. खरं नाव.

मी माइकसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, “सन्माननीय व्यासपीठ.”

आणि अडलो नाही. पुढचं वाक्य आलं, त्याच्या पुढचं आलं. मी डोळे कागदावर ठेवले आणि पाच मिनिटं न थांबता बोललो. अंगाला दरदरून घाम सुटला होता, तो भीतीचा असेल म्हणून सोडून दिलं. मागच्या रांगांत हशा झाला, तो माझ्या तिसऱ्या परिच्छेदातल्या विनोदाला असेल असं धरलं, जरी तो जरा लवकर आला. ‘जय हिंद’ म्हणून मी मान वर केली. टाळ्या पडल्या. माझ्या आयुष्यातलं पहिलं पूर्ण भाषण मी केलं होतं, आणि ते जुन्नर तालुक्यात केलं होतं.

खाली उतरलो तेव्हा मित्राने पाठीवर थाप मारली.

“लई भारी बोलला असशील, राव.”

“असशील म्हणजे?”

त्याने वर बोट दाखवलं. हॉलमधले सगळे पंखे बंद होते.

“लाइट गेली ना. तुझे पयले दोन शब्द आले, मग माइकच मेला. व्हट तेवढे हालत व्हते.”

चहाच्या रांगेत उभा होतो, तर मागून एका अगदी अनोळखी मुलाने खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “ए व्यासपीठ, सरक की जरा पुढं.” माझ्या बावीस जणांनी एकमेकांकडे पाहिलं. आहुप्याच्या मुलीने तर गळ्याची शपथ घेऊन सांगितलं, की आमच्यातलं कुणी बोललं नाही.

खरंच कुणी बोललं नव्हतं. तो गुरुवार होता. दुरुस्तीसाठी तिथली लाइट दर गुरुवारी अकरा वाजता जाते. कार्यक्रमपत्रिकेत माझं भाषण साडेदहाला होतं. सत्कारांना अर्धा तास जास्त लागला.